गंगव्वानं वाचलेला तुकडा

कुरणवाडीत कुणाचं खुरपं मोडलं, कुऱ्हाडीचं पातं उडालं किंवा नांगराचा फाळ तुटला, तर तो माणूस आधी इकडंतिकडं बघायचा. कुणी बघितलं नसेल तर मोडकं लोखंड गुपचूप विहिरीत टाकायचा. निपाणीपासून दोन कोसांवरच्या या गावात लोहार नव्हता असं नाही. यल्लाप्पा लोहाराची भट्टी देवळाच्या मागं पहाटेपासून पेटलेली असायची. आणि यल्लाप्पाच्या घराण्याची रीत अशी होती की आपल्या भट्टीतलं हत्यार मोडलं तर मोडका तुकडा आणून दाखवायचा आणि नवं हत्यार घेऊन जायचं. चूक कुणाचीही असो, नवं मिळणार.

मग विहिरीत टाकायचं कारण काय? कारण यल्लाप्पा तुकडा वाचायचा. मोडलेली बाजू उजेडाकडं धरायचा, डोळा बारीक करायचा आणि भट्टीपुढं बसलेल्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा.

"ह्यो फाळ दगडावर गेलाय. आणि दगूड दिसंना म्हंजे औत हाकणारा शुद्धीत न्हवता. काय गा, काल काय घेतलंतास?"

असं त्यानं एकदा मारुतीरावाच्या वडिलांना सुनावलं होतं. ते म्हातारे त्यानंतर वर्षभर देवळाच्या मागच्या वाटेनं गेले नाहीत. मारुतीराव तेव्हा अठरा वर्षांचा होता, यल्लाप्पाच्याच वयाचा. दोघं एका शाळेत, एका बाकावर बसलेले. त्या दिवसापासून मारुतीराव यल्लाप्पाशी जे बोलायचा ते वाकडंच.

यल्लाप्पाच्या समोर उभी राहून घण घालायची ती त्याची बायको गंगव्वा. ही गोष्ट तिची आहे.

गंगव्वा हुक्केरीकडची, कानडी घरातली. कुरणवाडीत आली तेव्हा तिला मराठीतलं "पाणी" आणि "भाकरी" एवढंच येत होतं. सासऱ्यानं पहिल्याच महिन्यात तिच्या हातात घण दिला. घण मोजायला ती कानडीच वापरायची, "ओंदु, एरडु, मूरु", आणि तीस वर्षं मराठीत भांडल्यावरही घणाची मोजणी तिनं बदलली नाही. उंच, हाडाची, दंडावर ठिणग्यांचे बारीक डाग. बोलणं कमी. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "गंगाक्काशी बोलायचं म्हंजे ऐरणीशी बोलल्यागत."

तुकडा वाचायला सासऱ्यानं मुलाला शिकवलं तसं सुनेलाही शिकवलं. मोडलेल्या जागी दाणा रव्यासारखा बारीक असेल तर लोखंड चांगलं. जाड मिठासारखा असेल तर जास्त तापलं. मोडलेली जागा चांदीसारखी चमकत असेल तर ते आत्ता मोडलं. आणि कुठं काळपट डाग असेल तर तिथं आधीच चीर होती. काळा डाग म्हणजे भट्टीचा दोष, गिऱ्हाइकाचा नाही. सासरा म्हणायचा, "काळं दिसलं की मान खाली घालायची आणि सांगायचं. न्हायतर बाकीच्यांची उणी काढायचा हक्क कुणी दिला?" त्याच्या आयुष्यात त्यानं अशी मान चारदा खाली घातली होती. यल्लाप्पानं एकदाही नाही. गावाला वाटायचं, त्याचं काम चुकतच नाही. खरं तर त्याचं काम चांगलं होतंच. पण काळ्या डागाचा तुकडा समोर येईपर्यंत माणूस कसा आहे ते कळत नाही.

तो तुकडा आला १९७४ साली.

त्या वर्षी पौषात थंडी अशी पडली की सकाळी भट्टीशेजारच्या दगडी डोणीतल्या पाण्यात हात घालवेना. मारुतीरावानं दीड वीत पात्याचा एक सुरा सांगितला होता. निपाणीच्या दुकानातला सुरा त्याला सहज मिळाला असता. पण यल्लाप्पाकडं सांगायचं, तीनदा फेऱ्या मारायच्या आणि चौथ्यांदा चार माणसांत त्याला बोलायचं, यात मारुतीरावाला जास्त गोडी होती.

यल्लाप्पानं ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा घेऊन सुरा घडवला. घडवणं झालं, आता पाणी पाजायचं होतं, म्हणजे लाल पातं पाण्यात बुडवून कडक करायचं होतं. थंडीच्या दिवसांत लोखंडाला पाणी पाजण्याआधी डोणीत लालभडक लोखंडाचा एक तुकडा दोनदा बुडवून पाण्याचा गारठा काढायचा, ही भट्टीची जुनी शिस्त. गंगव्वानं त्यासाठी एक जाड कांब विस्तवात सरकवूनही ठेवली होती. तेवढ्यात मारुतीराव आला.

"झाला का सुरा, का अजून मुहूर्त काढायचा हाय?"

"हुतोय. बसा."

"बसून बसून तुझा पाट झिजला, यल्लाप्पा. निपाणीत दुकानदार उभ्या उभ्या सुरा देतोय. तुझ्या बापाच्या वेळची भट्टी न्हाय राहिली ही."

भट्टीपुढं बसलेले दोघंतिघं हसले. यल्लाप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं सांडशीत सुरा धरला, विस्तवातून काढला आणि डोणीकडं वळला.

"पानी गार हाय," गंगव्वा म्हणाली. "कांब तापतीया. थांबा जरा."

"तू मला शिकव आता."

आणि त्यानं सुरा तसाच बर्फासारख्या पाण्यात घातला.

चर्र आवाज झाला, वाफ उठली. त्या आवाजाच्या खाली, अगदी बारीक, एक "टिच्" झालं. काचेच्या बांगडीला नख लागावं तसं. गंगव्वानं ते ऐकलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं ऐकलं की नाही ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. मारुतीराव पुढं उभा होता, दात दाखवत. गंगव्वानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. एवढ्या माणसांत नवऱ्याला दुसऱ्यांदा टोकायचं तिच्या जिवावर आलं. सुरा मंद आचेवर शेकून त्याचा कडकपणा उतरवला, घासला, लाखेनं मुठीत पक्का बसवला आणि मारुतीरावाच्या हातात गेला.

माघी पौर्णिमेला कुरणवाडीच्या नऊ गाड्या यल्लम्माच्या डोंगराला गेल्या. मारुतीरावाची गाडी होती, सोबत बायको नागुबाई. डोंगराखाली माळावर गाड्या सोडल्या, तीन दगडांची चूल मांडली, आणि मग कळलं की कुऱ्हाड घरीच राहिली. बाभळीचा वाळलेला ओंडका होता, पण तो चुलीत मावेना. मारुतीरावानं सुरा ओंडक्याच्या डोक्यावर उभा धरला आणि दुसऱ्या लाकडानं त्याच्या पाठीवर दणका घातला. लाकूड चिरलं. दुसरा दणका, आणखी चिरलं. तिसऱ्या दणक्याला सुरा मुठीपासून चार बोटांवर मोडला. पुढचा तुकडा उसळला आणि मारुतीरावाच्या डाव्या अंगठ्याच्या बुडात शिरला.

निवद तसाच राहिला. देवीच्या दारात रक्त सांडलं म्हणून सोबतच्या गाड्यांतल्या बायका तोंडाला पदर लावून कुजबुजल्या. डोंगराखालच्या दवाखान्यात डॉक्टरनं टाके घातले आणि सांगितलं, अंगठा पहिल्यासारखा वळेल असं समजू नका.

गावात परतल्यावर तिसऱ्या दिवशी मारुतीराव हाताला पांढरं फडकं गुंडाळून भट्टीवर आला. आपली पाळी आली हे त्याला ठाऊक होतं, म्हणून येताना वाटेत भेटेल त्याला त्यानं बरोबर घेतलं होतं. दहाबारा माणसं जमली. सुऱ्याचे दोन्ही तुकडे त्यानं ऐरणीवर आपटले.

"वाच. आज तुझा वाच."

यल्लाप्पानं मुठीकडचा तुकडा उचलला. मोडलेली बाजू उजेडाला धरली. गंगव्वा शेजारीच उभी होती. तिला दिसलं. सगळी जागा चांदीसारखी, दाणा बारीक, आणि धारेकडच्या कोपऱ्यात नखाएवढी काळी चंद्रकोर.

यल्लाप्पाचा अंगठा सरकला आणि त्या चंद्रकोरीवर बसला.

"पैलं म्हंजे सुऱ्यानं लाकूड फोडायचं नसतंय," तो म्हणाला. "सुरा हाय, पाचर न्हवं."

"फोडलं. कुऱ्हाड न्हवती. तुझा बाप म्हणायचा, माझ्या सुऱ्याच्या पाठीवर घण घाला. वाच म्हणतो मी."

"वाचतोय की. ह्यो जाळात गेलाय. तापलाय आणि वर गार पाणी पडलंय, म्हणून तडकला."

"जाळात कोण घालंल रं?"

"ते घरात इचार. बायकांच्या हाताला सुरा लागला की त्येनं चूल ढोसत्यात. ह्यात लोहारानं काय करायचं?"

हसू पिकलं. मारुतीराव हसला नाही. त्याला आठवलं की डोंगराखाली नागुबाईनं सुऱ्याच्या टोकानं एक निखारा मागं ढकलला होता. एकदाच. पण रागावलेल्या माणसाला एकदाच पुरतं. तो तसाच वळला. यल्लाप्पा मागून म्हणाला, "नवा नेणार का?" तो चालतच राहिला.

त्याच दिवशी दुपारच्या बसनं नागुबाई माहेरी गेली, मच्छ्याला. गेली म्हणण्यापेक्षा घालवली. पत्र्याची पेटी, एक बोचकं, आणि दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं मारुतीरावाचं बोलणं, "हात मोडलास माझा, देवीचा निवद मोडलास. परत ह्या उंबऱ्यात दिसू नको." नागुबाई रडली नाही. बसमध्ये चढताना एवढंच म्हणाली, "निखारा सरकवला, सुरा न्हाय भाजला." ते कुणी ऐकून घेतलं नाही.

संध्याकाळी यल्लाप्पा भट्टीमागच्या मोडीच्या ढिगात काहीतरी हुडकत होता.

"त्यो तुकडा कुठाय?"

"हाय," गंगव्वा म्हणाली.

"कुठं?"

"हाय म्हटलं न्हवं."

दुसऱ्या दिवशी पहाटे यल्लाप्पानं भाता ओढला, लोखंड लाल केलं, ऐरणीवर धरलं आणि हाक मारली, "घण." गंगव्वा दारात बसून जोंधळे पाखडत होती. उठली नाही.

"घण म्हणतोय."

"हात दुखतोय."

"काल दुखत न्हवता."

"काल सकाळी तुकडा बघितला न्हवता."

लोखंड ऐरणीवर काळं पडलं. यल्लाप्पानं ते डोणीत फेकलं.

तंबाखूच्या कापणीचे दिवस होते. रोज दहापंधरा विळे धारेला यायचे. एकट्या माणसाच्या हातोडीनं खुरपं निघतं, विळा ओढूनताणून निघतो, पण कुळवाची पास आणि नांगराचा फाळ घणाशिवाय हलत नाही. यल्लाप्पानं मष्णू नावाचा एक गडी घणावर लावला. मष्णूच्या अंगात ताकद होती, पण त्याचा घण कुठं पडेल ते मष्णूलाही माहीत नसायचं. दोन दिवसांत त्यानं एक सांडशी वाकवली आणि यल्लाप्पाच्या करंगळीचं नख काळं केलं. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

घरात बोलणं बंद होतं. गंगव्वा भाकरी थापायची, ताट पुढं सरकवायची, पाण्याचा तांब्या आपटायची. एकदा यल्लाप्पानं ताट अंगणात भिरकावलं.

"माझ्या अब्रूवर उठलीस?"

"तुमच्या अब्रूपायी दुसऱ्याची बायको मच्छ्याला जाऊन बसलीया."

"मी घालवली व्हय?"

"तुमच्या अंगठ्यानं घालवली."

यल्लाप्पानं तिच्यावर हात उगारला. गंगव्वा मागं सरली नाही. वीस वर्षं घण उचललेल्या बाईवर उगारलेला हात तसाच वर राहिला, आणि मग त्यानं त्याच हातानं टोपी काढून डोकं खाजवलं.

गंगव्वाला रात्रंदिवस एकच टोचत होतं, आणि त्यात तिला स्वतःलाही सोडता येत नव्हतं. खरं सांगावं तर भट्टीचं नाव जाणार. यल्लाप्पानं आजवर ज्यांची ज्यांची उणी काढली ते सगळे फणा काढून उठणार आणि निपाणीच्या दुकानाची वाट धरणार. न सांगावं तर नागुबाई मच्छ्यातच म्हातारी होणार. नागुबाई तिची मैत्रीण नव्हती. पाणवठ्यावर तीच तर तिला ऐरण म्हणायची. पण तुकडा मैत्रिणीचा आणि वैरिणीचा वेगळा वाचायचा नसतो.

एकोणिसाव्या दिवशी, शिमग्याच्या आदल्या शुक्रवारी, भट्टीपुढं पंधरा माणसं खोळंबली होती. विळे तसेच पडले होते, पासा तशाच पडल्या होत्या. यल्लाप्पा प्रत्येकाला "उद्या, परवा" करत होता आणि लोक त्याच्या तोंडावर बोलायला लागले होते.

"बायको रुसली तर भट्टी बंद व्हय रं?"

"दुसऱ्याच्या बायकांची उणी काढतोय, आपली घणाला हात लावंना."

तेवढ्यात समोरून मारुतीराव बैलं घेऊन निघाला. डावा हात अजून पोटाशी धरलेला. गंगव्वा दारातून उठली, आत गेली आणि पिठाच्या डब्यातून सुऱ्याचा मुठीकडचा तुकडा घेऊन बाहेर आली.

"मारुतीअण्णा, जरा थांबा."

"आत जा," यल्लाप्पा म्हणाला.

"थांबा, अण्णा. तुकडा वाचायचा राहिलाय."

"बाई कवापासून वाचायला लागली?" मारुतीराव म्हणाला, पण थांबला.

गंगव्वानं पीठ पदरानं पुसलं. तुकडा सगळ्यांपुढं धरला.

"ही मूठ बघा. हिच्यात लाख हाय. सुरा जाळात एवढा तापला असता तर लाख वघळून भाईर आली असती. एक थेंब तरी आलाय? हात लावून बघा."

एकानं लावला. दुसऱ्यानं लावला. लाख जशीच्या तशी होती.

"आणि हे काळं बघा. ताजं मोडल्यालं सगळं चांदीवाणी हाय. एवढंच काळं. म्हंजे हे आधी फुटल्यालं. कुठं फुटलं? हितं. आमच्या डोणीत. पानी गार हुतं."

मारुतीरावानं बैलांचे कासरे सोडले आणि यल्लाप्पापुढं येऊन उभा राहिला.

"खरं काय रं?"

यल्लाप्पानं हातोडी ऐरणीवर ठेवली. मग इतक्या वर्षांत ज्या आवाजात त्यानं गावाचे तुकडे वाचले त्याच आवाजात, पण कुणाकडंही न बघता म्हणाला, "टिच् केलं तवा ऐकलंतं मी. तू तिथं दात काढत हुतास. झालं? मिळालं तुला? आता नीघ."

"नीघ?" मारुतीरावानं हात पुढं केला. अंगठा काठीसारखा ताठ होता. "ह्यो बघ. ह्यो घेऊन नीघू? तुझ्या खोट्यानं माझी बायको..."

"बायको तुमी घालवलीसा," गंगव्वा मधेच म्हणाली. "ह्येंनी नुसतं बोट दाखवलं. घालवायला तुमचं तोंड लागलं. दोघांनी मिळून केलंसा."

मारुतीरावानं तिच्याकडं एक पाऊल टाकलं. त्याला ओरडायचं होतं, पण पंधरा माणसं आता त्याच्याकडंही त्याच नजरेनं बघत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "मच्छ्याची बस सकाळी आठला हाय, मारुतीअण्णा." लोक हसले. मारुतीराव बैलांकडं वळला.

"रीत हाय," गंगव्वा मागून म्हणाली. "नवा सुरा मिळंल. पण नागुबाईच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या न्हाय."

ती आत गेली, पदर खोचला आणि घणाला हात घातला. त्या दिवशी यल्लाप्पानं आणि तिनं एक शब्द न बोलता बारा पासा काढल्या. "ओंदु, एरडु, मूरु" एवढंच ऐकू येत होतं. शेवटी कमानीच्या पाट्याचाच दुसरा सुरा घडवला. पाणी पाजायच्या आधी यल्लाप्पानं लाल कांब डोणीत दोनदा बुडवली. मग गंगव्वाकडं बघितलं. तिनं पाण्यात हात घालून पाहिला आणि मान हलवली. मगच सुरा पाण्यात गेला.

तिसऱ्या सकाळी मारुतीराव मच्छ्याला गेला. तिथं काय झालं ते कुरणवाडीला कधी कळलं नाही. पण संध्याकाळच्या बसमधून नागुबाई उतरली तेव्हा पत्र्याची पेटी मारुतीरावाच्या डोक्यावर होती. एका हातानं सावरत, ताठ अंगठा आभाळाकडं करून तो तिच्या मागं चालत होता.

नागुबाई घरी गेली नाही. आधी भट्टीवर आली.

गंगव्वानं सुरा तिच्या हातात दिला. नागुबाईनं पातं बघितलं, नखानं धार बघितली. मग भट्टीशेजारच्या सरपणातला एक ओंडका ओढला, सुरा त्याच्या डोक्यावर उभा धरला आणि दुसऱ्या लाकडानं दणका घातला. एक. दोन. तीन. ओंडक्याची दोन शकलं झाली. सुरा तसाच होता.

"टिच् केलं तवा तू कुठं हुतीस गं?" नागुबाईनं विचारलं. तिनं यल्लाप्पाला नाही, गंगव्वाला विचारलं.

"घणाजवळ."

"ऐकलंतंस?"

"व्हय."

"तवा का बोलली न्हाईस? सुरा आमच्या घरात यायच्या आधी?"

गंगव्वानं मान खाली घातली. तिच्याकडं उत्तर होतं, पण माणसांत नवऱ्याला टोकायचं जिवावर आलं हे उत्तर तीन आठवडे माहेरच्या ओसरीवर बसलेल्या बाईला द्यायचं नव्हतं.

"आणि मी गेल्यावर? एकोणीस दीस घण घातला न्हाईस म्हणं. त्याचं मी काय करू? माझ्या भावजयीनं रोज मला ताट वाढताना काय ऐकवलं, ते ऐकायला आलीस का एकदा तरी?" तिनं सुरा पदरात गुंडाळला. "परत मोडला तर तुमी दोघं वाचायचं न्हाई. मी वाचणार."

ती गेली. पेटी घेऊन मारुतीराव तिच्या मागं गेला.

नागुबाई पुढं गंगव्वाशी कधी बोलली नाही. पाणवठ्यावर दोघी समोरासमोर आल्या तरी नाही. पण १९८३ साली यल्लाप्पाची नजर गेली आणि भट्टीवर सांडशी धरून पुन्हा कामाला आलेला, आता हात बसलेला मष्णू आणि घणावर अजून गंगव्वाच, असं चालू झालं, तेव्हा एक दिवस नागुबाई मोडकं खुरपं घेऊन आली. खुरपं तिनं ऐरणीवर ठेवलं, पण सोडलं नाही. मोडलेली बाजू आधी स्वतः उजेडाला धरली, डोळा बारीक करून बघितली, आणि मगच गंगव्वापुढं सरकवली.

काळं कुठं नव्हतं. सगळी जागा चांदीसारखी होती.

"दगडावर गेलंय," गंगव्वा म्हणाली.

नागुबाईनं मान हलवली. ते तिनं आधीच वाचलं होतं.